टर्बो, गिअर आणि मधला एक सेकंद

कुंभार्ली घाट. चिपळूणहून कराडकडे चढत होतो. पुढे माल भरलेला ट्रक, शेजारी बाबा. वळण संपलं, थोडा सरळ रस्ता दिसला. मी तिसऱ्या गिअरमध्येच होतो, इंजिन जेमतेम १४०० आरपीएमवर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि काहीच झालं नाही. एक सेकंद, फार तर दीड. गाडी ट्रकच्या मागच्या चाकाशी रेंगाळली आणि वरच्या वळणातून समोर एसटी आली. तेवढ्यात कुणीतरी मागून ढकलावं तशी गाडी उसळली, पण तोवर मी ब्रेक मारून पुन्हा ट्रकच्या मागे शिरत होतो.

बाबांनी एसटीत आयुष्यभर स्टिअरिंग धरलं. ते तेव्हा काही बोलले नाहीत. हेळवाकला चहाला थांबल्यावर म्हणाले, "दुसरा का नाही टाकलास?"

"तुम्हीच शिकवलंत ना, वरचा गिअर लवकर टाकायचा, इंजिनाला ओरडू द्यायचं नाही."

"शिकवलं खरं. पण ज्या गाडीवर मी हे शिकलो, तिला टर्बो नव्हता."

त्या एका सेकंदात नेमकं काय झालं, हे शोधायला बसलो आणि शंभर वर्षांहून जास्त मागे जाऊन पोचलो.

स्वित्झर्लंडमधला आल्फ्रेड ब्यूखी हा अभियंता. इंजिनातून धूर बाहेर पडतो तेव्हा त्यात उष्णता आणि जोर दोन्ही शिल्लक असतात आणि दोन्ही फुकट जातात, हे त्याला खुपत होतं. त्या धुरानं एक छोटं चक्र फिरवायचं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र बसवायचं आणि त्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. १९०५ साली त्यानं याचं पेटंट घेतलं. प्रत्यक्षात उपयोग व्हायला वीस वर्षं लागली. 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद टर्बोमुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली.

दरम्यान अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस वेगळ्याच अडचणीशी झुंजत होता. विमान उंच गेलं की हवा विरळ होते आणि इंजिन दमतं. १९१८ साली त्यानं 'लिबर्टी' हे विमानाचं इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच डोंगरावर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर टर्बोशिवाय २३० च्या आसपास घसरलं. टर्बो जोडल्यावर तिथंच ३५० च्या पुढे गेलं.

जहाज आणि विमान यांच्यात एक साम्य आहे. एकदा वेग पकडला की त्यांचं इंजिन तासन् तास जवळपास एकाच फेऱ्यांवर चालतं. धुराचा प्रवाह अखंड, त्यामुळे टर्बोचं चक्रही अखंड गरगरत राहतं. टर्बो जन्मला तो अशा इंजिनांसाठी. घाटातली गाडी याच्या अगदी उलट. क्लच दाबला, पाय उचलला की धुराचा जोर ओसरतो, चक्र मंदावतं. पुन्हा ॲक्सिलरेटर द्या, तर आधी धूर वाढायला हवा, मग चक्र वेग घेणार, मग हवा दाबली जाणार, मग ताकद येणार. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला लेटन्सी म्हणतात. मोटारवाले म्हणतात टर्बो लॅग.

मोटारीत टर्बो बसवणाऱ्या प्रत्येकाला या विलंबाशी तडजोड करावी लागली. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आली. दाबलेल्या हवेमुळे इंजिनात अवेळी स्फोट होऊ नयेत म्हणून तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. त्याची वेगळी टाकी गाडीमालकानं भरायची. लोक विसरत. टाकी रिकामी झाली की गाडी आपली ताकद आपणच कमी करी. वैतागून पुष्कळांनी टर्बो काढूनच टाकला आणि दोन वर्षांत ते मॉडेल बंद झालं.

बीएमडब्ल्यूनं १९७३ साली '२००२ टर्बो' आणली तेव्हा अवेळी स्फोटांवर दुसरा उपाय केला: कॉम्प्रेशन रेशो ६.९ इतका खाली. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत गाडी मरगळलेली आणि जागा झाला की एकदम १७० अश्वशक्ती. नेमकं त्याच वर्षी तेलसंकट आलं. जेमतेम १६७२ गाड्या बनल्या. पुढच्याच वर्षी दाखवलेल्या पोर्शे ९११ टर्बोला चारच गिअर होते आणि १९८९ च्या मॉडेलपर्यंत ते चारच राहिले. तिच्या चालकांना वळणाच्या आतच गिअर आणि आरपीएम यांचा हिशेब करावा लागे. टर्बो वळणाच्या मध्यावर जागा झाला किंवा घाबरून पाय उचलला, तर मागची चाकं बाहेर फेकली जात.

१९७७ साली रेनॉ कंपनीनं फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला. सिल्व्हरस्टोनला पहिल्याच शर्यतीत गाडी बंद पडली. पुढेही ती इतक्यांदा धूर सोडत थांबली की 'पिवळी किटली' असं नाव पडलं. मग त्यांनी एका मोठ्या टर्बोऐवजी दोन छोटे बसवले. लहान चक्र हलकं, म्हणून लवकर वेग घेतं. १९७९ साली दिजोंला त्यांनी फ्रेंच ग्रां प्री जिंकली.

रस्त्यावरच्या गाडीसाठी हेच शहाणपण स्वीडनच्या साब कंपनीनं आधीच ओळखलं होतं. १९७७ च्या 'साब ९९ टर्बो'त त्यांनी मुद्दाम लहान टर्बो निवडला आणि दाब फार वाढला की जादा धूर बाजूनं सोडून देणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, बसवली. सर्वांत वरच्या फेऱ्यांवरची थोडी ताकद सोडून दिली, पण रोज लागणाऱ्या मधल्या फेऱ्यांवर जोर मिळवला. आज आपण चालवतो त्या बहुतेक टर्बो गाड्या याच विचाराच्या.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत टर्बो शिरला तो प्रामुख्यानं डिझेल गाड्यांतून. २००७ च्या डिझेल स्विफ्टमध्ये फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन होतं. त्याचा १९० न्यूटन मीटर टॉर्क २००० आरपीएमवर मिळे. त्याच्या खाली गाडी सुस्त. पुढे पेट्रोल गाड्याही त्याच वाटेनं गेल्या. २०२० साली चाकणला बनणाऱ्या पोलोला एक लिटरचं टर्बो इंजिन मिळालं: १७५ न्यूटन मीटर, १७५० ते ४००० आरपीएमच्या दरम्यान सपाट.

गिअर कधी बदलायचा याचं उत्तर या सपाट पठारात आहे. दुसऱ्यातून तिसरा टाकला की आरपीएम साधारण दोनतृतीयांश होतात. म्हणजे २००० ला बदललात तर तिसऱ्यात १३३० च्या आसपास पडता, पठाराच्या खाली. २७०० ला बदललात तर १८०० वर उतरता, टर्बो जागा असतो. म्हणून किती आरपीएमवर बदलायचं यापेक्षा बदलल्यावर कुठे उतरणार, हे आधी बघायचं. सपाट रस्त्यावर, हलक्या पायानं जाताना लवकर बदललं तरी चालतं, इंधनही वाचतं. तिथं टर्बोची गरजच नसते. चढ, ओव्हरटेक, भरलेली गाडी असेल तर मात्र थांबायचं. आणि उलट टोकाला, पठार संपल्यावर लाल रेषेपर्यंत ताणण्यातही फारसं हाशील नाही. टॉर्क उतरू लागलेला असतो, आवाज तेवढा वाढतो.

वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर पाय पूर्ण दाबण्यात आणखी एक धोका आहे. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टनला इजा होऊ शकते. या प्रकाराला आळा घालण्यासाठी २०१८ साली इंजिन ऑइलची 'एपीआय एसएन प्लस' ही स्वतंत्र श्रेणी आणावी लागली.

गंमत अशी की याच काळात डॅशबोर्डवरचा बाण आपल्याला वरचा गिअर टाकायला सांगू लागला. युरोपीय संघानं २०१४ अखेरपासून मॅन्युअल गिअरच्या नव्या मोटारींना असा दर्शक सक्तीचा केला. त्याचा हेतू इंधन वाचवणं हा आहे आणि तेवढ्यापुरता तो बरोबरच आहे. पण समोरचा ट्रक आणि वरचं वळण त्या बाणाला दिसत नाही.

परतताना गाडी बाबांकडे दिली. चढउतारांच्या रस्त्यावर पाटणजवळ त्यांनी एक ट्रॅक्टर गाठला. ट्रॅक्टरच्या मागे असतानाच, रस्ता मोकळा दिसण्याच्या आधी, त्यांनी दुसरा टाकला आणि पाय हलका ठेवून वाट पाहिली. काटा २२०० च्या वर होता. रस्ता मोकळा झाला तशी गाडी एका दमात पुढे गेली. त्यांनी काट्याकडे बघितलंही नव्हतं.

घाट उतरताना मी विचारलं, "चढायला जो गिअर, उतरायलाही तोच, हा तुमचा नियम तरी टिकला ना?"

"एक खाली," ते म्हणाले. "हिचं इंजिन लहान आहे. चढताना टर्बो मदत करतो, उतरताना धरायला कुणी नाही."

आणि त्यांनी वळणाच्या आधीच दुसरा टाकला.