‘सेट असाइड’ : दोन साध्या शब्दांचा न्यायालयीन प्रवास

सीमाभागातील मराठी माणसाच्या हाती तालुका न्यायालयाचा कागद येतो तो बहुधा कन्नडमध्ये, आणि उच्च न्यायालयाचा इंग्रजीत. या इंग्रजी कागदांतील ‘सेट असाइड’ हे क्रियापद आम्हांला वरचेवर समजावून सांगावे लागते. ‘सेट’ म्हणजे ठेवणे, ‘असाइड’ म्हणजे बाजूला. साहजिकच पक्षकार समजतो, निकाल तूर्त बाजूला ठेवला आहे. वस्तुतः तो रद्दबातल झालेला असतो. तूर्त थांबविणे ही स्थगिती. तीत निकाल जिवंत राहतो.

घोटाळ्याचे मूळ इंग्रजीच्या रोजच्या वापरात आहे. मुलाच्या फीसाठी पैसे वेगळे काढणे, मळलेली कणीक झाकून ठेवणे, ही दोन्ही कामे ‘सेट असाइड’च. तेथे वस्तू राखली जाते. न्यायालयात ती संपते. मतभेद ‘सेट असाइड’ करावेत असे म्हणतात, तेव्हा मात्र आपले ‘बाजूला सारणे’ त्याच्या बरेच जवळ जाते.

क्रियापदाला असे शेपूट जोडून अर्थ पालटण्याची इंग्रजीची खोड जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वाधिक अडचण येथेच येते असे नोंदविले. १०६६ नंतर इंग्लंडच्या राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली आणि ‘अनल’सारखे भारदस्त शब्द आले, ‘सेट’ मात्र मूळचा इंग्रजीच. न्यायालयात इंग्रजीत बोलावे असा कायदा १३६२ मध्ये झाला (तोही लिहिला फ्रेंचमध्ये!). दप्तरातील लॅटिन हटायला १७३३ उजाडले. आपला ‘रद्दबातल’ तरी कोठला? ‘रद्द’ आणि ‘बातल’ दोन्ही अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. पण ते आमच्या शेतकऱ्याला कळतात.

अर्थ चुकला तर काय होते? वादीच्या बाजूने एकतर्फी हुकूमनामा झाला, की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम १३ खाली प्रतिवादी तो ‘सेट असाइड’ करून मागू शकतो. त्यासाठी मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर हुकूमनामा कळल्यापासून. अर्ज मंजूर झाला की मूळ दावा पुन्हा उभा राहतो आणि न्यायालय पुढची तारीख नेमते. हुकूमनामा नुसता बाजूला ठेवला आहे अशा समजुतीने वादी त्या तारखेला घरी बसला आणि प्रतिवादी हजर राहिला, तर वादीच्या गैरहजेरीत दावाच निकालात निघू शकतो.