जन्मतः कमकुवत दात आणि खुर्चीची धास्ती

दातावरील एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्यात सुमारे ९६ टक्के खनिजे असतात. मात्र ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे ‘अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा’ या आनुवंशिक विकारात किंवा बालपणीच्या आजारपणात कच्चे राहिलेले एनॅमल पुढे आपोआप भरून येत नाही. अशा व्यक्तीला ‘दात घासत नसणार’ असे हिणविणे अन्यायाचेच.

कच्च्या एनॅमलच्या दाढा बधिर करणेही अनेकदा अवघड जाते. लहानपणी बसलेला धसका म्हणजे निव्वळ मनाचे खेळ नव्हेत. ही भीती मोजण्यासाठी नॉर्मन कोराह यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. भीतीपोटी भेट टळते, कीड आत पोहोचते आणि फिलिंगवर भागले असते तिथे रूट कॅनाल करावे लागते. म्हणून पहिली भेट केवळ तपासणीची ठरवावी. हात वर करताच काम थांबेल, हे दंतवैद्यांकडून आधीच कबूल करून घ्यावे. घरी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर फेस थुंकावा, खळखळून चूळ भरू नये. कार्यालयातील गोड चहा मात्र घोट-घोट तासभर पुरवू नये. तेवढा वेळ दातांवर आम्लाचा मारा सुरूच राहतो.