चिनी न्याहारी आणि आपली इडली

आमच्या अंबरपेठेत सकाळी इडलीची बंडी लागते, संध्याकाळी चायनीजची. त्या दुसऱ्या बंडीपाशी आपण श्राविका थांबत नाही. कांदा, लसूण, अंडे, सगळे एकाच कढईत! म्हणून चिनी खाणे म्हणजे आपल्या चौक्याच्या अगदी उलट, असे आपण धरून चालतो. पण बंडीवरचे मंचुरियन तर मुंबईत जन्मलेले. चीनमधली साधी सकाळ निराळी असते. तांदळाची पातळ पेज, आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला पाव, आणि सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून उकळलेले दूध. त्या दुधात मैद्याची तळलेली लांब कांडी बुडवून खातात. पेजेत कुणी मांस-अंडे घालतातही, पण पाया धान्याचाच.

सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी बौद्ध भिक्षू भारतात आला. आंध्र आणि महाराष्ट्रातही तो फिरला. आपल्या खाण्यापिण्याबद्दल त्याने लिहिले, की इथे कांदा-लसूण क्वचितच खातात, आणि खाणाऱ्याला गावाबाहेर काढतात. हे वाचून आपल्याला बरेच वाटते. पण त्याने असेही लिहिले, की इथल्या लोकांना वाफवण्याचे भांडे ठाऊक नाही.

आता बघा, पातेल्याच्या तोंडाला फडके बांधूनही वाफवता येते, त्याला वेगळे भांडे कशाला? भिक्षू स्वयंपाकघरात कितीसा शिरला असेल!

मग आपली इडली कुठली? इ. स. ९२०च्या सुमारास लिहिलेल्या 'वड्डाराधने' या कन्नड जैन ग्रंथात 'इड्डलिगे' हे नाव येते. समाजात काहीजणी हा दाखला देऊन म्हणतात, इडली आपलीच. दुसऱ्या म्हणतात, रात्रभर आंबवलेले पीठ वर्ज्यच. घरोघरी सासू-सुनांत यावरून वाद होतात. पण जुने ग्रंथ दोघींपैकी कुणाचीच साक्ष देत नाहीत. सुमारे १०२५च्या 'लोकोपकार' ग्रंथातली कृती नुसत्या उडदाची आहे, तीही ताकात भिजवलेल्या. आपल्या नियमाने ते द्विदळच झाले! कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास'मध्ये, म्हणजे ११३०च्या सुमारास, 'इडरिका' आहे. तीही उडदाचीच. त्यात तांदूळ नाही. नाव हजार वर्षांचे, पदार्थ मात्र वाटेत बदलत आला.

तेव्हा इडली खायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या व्रताने ठरवावे. त्यासाठी ग्रंथाला वादात ओढू नये, आणि 'चिनी' या नावाला नाकही मुरडू नये. तिकडची साधी पेज आपल्या पेजेची बहीणच आहे.

एक मात्र करा. तुमच्याकडे पीठ केव्हा भिजवतात, किती तास ठेवतात, कशात वाफवतात, हे वहीत लिहून ठेवा. जुन्या ग्रंथकारांनी हे सगळे नेमके लिहून ठेवले नाही, म्हणून आज आपण भांडतो आहोत.