करवियलें : एका जुन्या क्रियापदाची गोष्ट



आज व्याकरणावर लिहिते आहे. हसू नका. मी बी.कॉम. झालेली, जमाखर्चात रमणारी बाई. शाळेत व्याकरणाच्या तासाला मीही तुमच्यासारखीच घड्याळाकडे बघत असे. पण या उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आमच्याकडे जित्याला आली होती. ती पनवेलला इंग्रजी माध्यमात शिकते. वहीत वाक्यं लिहिता लिहिता तिने विचारलं, "आजी, मी म्हणते 'मी पोळी करते', दादा म्हणतो 'मी पोळी करतो'. मग कालची असेल तर दोघांचंही 'मी पोळी केली' कसं? मी मुलगी आहे हे कुठे गेलं?"

मला उत्तर आलं नाही. साठ वर्षं ही भाषा बोलते, घरी मारवाडी, शेजारी मराठी, दुकानात हिंदी, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. तिला म्हटलं, बघून सांगते. ते बघायला गेले आणि थेट श्रवणबेळगोळला बाहुबली भगवानांच्या पायाशी पोचले. कसं, ते सांगते.

आधी नातीचं उत्तर. 'मी करते, तो करतो' यात क्रियापद करणाऱ्याच्या मागे चालतं. करणारी बाई तर 'ते', पुरुष तर 'तो'. हा कर्तरी प्रयोग. काम होऊन गेलं की क्रियापद करणाऱ्याला सोडतं आणि केलेल्या वस्तूचा हात धरतं. पोळी केली, लाडू केला, लोणचं केलं, पापड केले. करणारी मी असो, सून असो की घरातले पुरुष असोत, क्रियापदाला त्याचं काही नाही. हा कर्मणी प्रयोग. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं. शाळेत आपण घोकलेले हे प्रयोग अशाच पुस्तकांतून आपल्यापर्यंत आले.

नियमाला अपवाद आहेतच. 'मी तिचं नाव विसरले' म्हणताना क्रियापद परत माझ्याकडे येतं, पुरुष असता तर 'विसरलो' म्हणाला असता. पण रोजच्या स्वयंपाकघरातली बहुतेक कामं पहिल्या नियमाने चालतात. चिरली, भाजली, निवडले, दळलं.

हे असं का झालं? संस्कृतात झालेलं काम दोन तऱ्हांनी सांगता येत असे. एक, 'त्याने केले' यासाठी 'अकरोत्' हे क्रियापद, जे करणाऱ्याला धरून चालतं. दुसरी तऱ्हा, 'तेन कृतम्', म्हणजे 'त्याच्याकडून केलेलं'. बोलणाऱ्या लोकांना दुसरी तऱ्हा सोपी वाटली असावी. प्राकृतात पहिली मागे पडत गेली आणि दुसरीच रूढ झाली. त्यातूनच पुढे मराठीचं 'केलें', हिंदीचं 'किया', गुजरातीचं 'कर्युं' आलं.

इथे आपला संबंध येतो, मैत्रिणींनो. आपले आगम प्राकृतात आहेत. सुधर्मा स्वामी जंबू स्वामींना 'भगवंतांनी असं सांगितलेलं मी ऐकलं आहे' असं म्हणतात, त्या बोलण्याची घडणही हीच आहे. 'माझ्याकडून ऐकलं गेलं, त्या भगवंतांकडून सांगितलं गेलं.' आणि संवत्सरीला आपण म्हणतो ते 'मिच्छा मि दुक्कडं'? त्यातलं 'दुक्कडं' म्हणजे दुष्कृत, वाईट केलेलं. त्या 'कडं'मध्ये तेच 'कृत' दडलेलं आहे, जे आपल्या 'केलं'मध्ये आहे. वर्षानुवर्षं म्हणत आले, पण आपण रोज स्वयंपाकघरात बोलतो ते 'केलं' त्यात बसलेलं आहे हे मला आत्ता कळलं.

सगळ्याच भाषा असं करत नाहीत. इंग्रजीत करणाऱ्याचं नाव पुढे आणि काम मागे, वस्तू कोणतीही असो, क्रियापद ढिम्म. बंगालीत आपल्यासारखाच 'ल' आहे, पण 'मी केलं'ला 'कोरलाम' आणि 'तू केलंस'ला 'कोरले', म्हणजे क्रियापद परत करणाऱ्याकडे गेलं. कानडीत तर करणाऱ्याची पक्की खूण लागते. 'माडिदे' म्हणजे मी केलं, 'माडिदनु' म्हणजे त्याने केलं, 'माडिदळु' म्हणजे तिने केलं. नातीने कानडीत विचारलं असतं तर 'मुलगी कुठे गेली' हा प्रश्न तिला 'तिने केलं'पुरता तरी पडला नसता.

आता श्रवणबेळगोळ. २०१८ चा महामस्तकाभिषेक झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघं तिथे गेलो होतो. आपण श्वेतांबर, ते दिगंबर तीर्थ, पण बाहुबली सगळ्यांचेच. विंध्यगिरीच्या सहाशेच्या वर पायऱ्या अनवाणी चढून गेलो. ५७ फुटांची एका पाषाणातली मूर्ती बघितली आणि गुडघ्यांचं दुखणं विसरले. गंग राजांचे मंत्री आणि सेनापती चावुंडराय यांनी ती दहाव्या शतकात, इसवी सन ९८१ च्या सुमारास करवली. १९८१ मध्ये तिला हजार वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा झाला होता, तो तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

मूर्तीच्या पायांजवळ काही ओळी कोरलेल्या आहेत. तेव्हा मी त्या पाहिल्या आणि पुढे गेले. 'मराठीतलं पहिलं वाक्य' म्हणून आपण शाळेत शिकलो ते हेच: 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. पण ते तिथे एकटं नाही. तीच गोष्ट कानडीत आहे, 'श्री चावुंडराजं माडिसिदं'. तमिळमध्येही आहे, 'श्री चामुंडराजन् चेय्वित्तान्'. एकच बातमी, तीन भाषा, म्हणजे येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला आपल्या भाषेत कळावं. भगवान महावीरांनीही लोकांच्या भाषेतच उपदेश केला होता, तेव्हा ही रीत आपल्याला नवी नाही.

नातीच्या प्रश्नानंतर मी या तीन ओळी एकाखाली एक लिहून काढल्या. कानडीतल्या 'माडिसिदं'च्या शेवटचा 'अं' सांगतो की करवणारा एक पुरुष आहे. तमिळमधल्या 'चेय्वित्तान्'चा 'आन्' तेच सांगतो. दोन्हीकडे चावुंडराय क्रियापदाच्या आत जाऊन बसले आहेत. मराठीत मात्र त्यांच्या नावाला 'एं' लागला, म्हणजे आजचा 'ने'. 'चावुंडराजाने'. आणि क्रियापद 'करवियलें', नपुंसकलिंगी. त्यात राजाही नाही, मंत्रीही नाही, पुरुषही नाही. हजार वर्षांपूर्वीही आपली मराठी नातीच्या वहीतल्यासारखीच वागत होती.

इतिहासाशी प्रामाणिक राहायचं तर एक गोष्ट सांगायला हवी. तिथे दुसरी मराठी ओळही आहे, 'श्री गंगराजें सुत्ताले करवियलें'. होयसळ राजा विष्णुवर्धनाचे सेनापती गंगराज यांनी मूर्तीभोवतीचा परकोट बांधवला, त्याची ही नोंद. दोन्ही ओळींचं अक्षर एकसारखं दिसतं, म्हणून दोन्ही गंगराजांच्या काळात, १११७ च्या सुमारास कोरल्या असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. मग पहिला मराठी लेख कोणता? तो मान आपल्या रायगडकडे येऊ शकतो! अलिबागजवळच्या अक्षी गावी शिलाहार राजा केशीदेवाच्या काळातला शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला. काही अभ्यासक तो नंतरचा मानतात. तो वाद विद्वानांवर सोडू. पेणहून अलिबागला लग्नाकार्याला आपण किती वेळा जातो, पुढच्या वेळी जरा पुढे अक्षीला जाऊन या.

मला या ओळींत आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती जास्त महत्त्वाची वाटते. तिन्ही भाषांत 'केलें' लिहिलेलं नाही, 'करविलें' लिहिलं आहे. मराठीत 'कर'चं 'करव', कानडीत 'माडु'चं 'माडिसु', तमिळमध्ये 'चेय्'चं 'चेय्वि'. व्याकरणात याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. आपल्या देशातल्या भाषांत हे एका छोट्या अक्षराने होतं, इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द जोडावा लागतो. चावुंडराय छिन्नी घेऊन डोंगरावर बसले नव्हते. मूर्ती घडवणारे हात दुसऱ्यांचे होते, हे त्या एका 'वि'ने कबूल केलं आहे.

आणि करणं-करवणं हा फरक आपल्याहून जास्त कोणाला कळणार? आपल्याकडे कर्मबंधाचे तीन मार्ग सांगितले आहेत: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि कोणी करत असेल त्याचं अनुमोदन. सामायिक घेताना आपण पाप करणार नाही आणि करवणारही नाही असं पच्चक्खाण घेतो. हिशेबाच्या वहीत जसं प्रत्येक रक्कम कोणाच्या खात्यावर हे लिहावंच लागतं, तसं इथेही आहे. मला नाही वाटत की हिंसा नोकराच्या हातून करवली म्हणून आपण सुटलो असं कोणी जैन म्हणेल.

पुण्याच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो. करवलेलं काम सरळ 'केलं' म्हणून आपल्या खात्यावर जमा करतो. चावुंडरायांची कथा तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या अभिषेकाच्या वेळी 'एवढी मूर्ती मी करवली' असा अभिमान त्यांच्या मनात आला, आणि घडेच्या घडे दूध ओतूनही ते मूर्तीच्या पायापर्यंत पोचेना. मग एक गरीब म्हातारी फळाच्या करवंटीएवढ्या वाटीतून थोडं दूध घेऊन आली आणि तेवढ्यानेच मूर्ती नखशिखांत न्हाली. ही गुल्लकायज्जी. तिची मूर्ती आजही बाहुबलींच्या समोर उभी आहे. ही परंपरेतली कथा आहे, पण त्या दगडावरच्या वाक्याशेजारी ठेवून वाचली की वेगळीच लागते.

आता माझं. मागच्या वर्षी मे महिन्यात उडदाचे पापड केले. गावातली एक आगरी मावशी दरवर्षी मदतीला येते. पीठ तिने कुटलं, लाट्या मी पाडल्या, लाटायला दोघी बसलो, पण माझा हात दुखायला लागला आणि अर्ध्याहून जास्त पापड तिनेच लाटले. मुंबईहून नणंद आली होती. पापड उन्हाला धरून म्हणाली, "काय पातळ आहेत गं, कोणी केले?" मी म्हटलं, "मी केले." मावशी तिथेच पाटावर बसलेली होती. ती काही बोलली नाही, पुढची लाटी घेतली.

व्याकरणाने माझं वाक्य बरोबरच होतं. क्रियापद पापडांच्या मागे गेलं होतं. 'मी' तेवढी खोटी होती. मग संवत्सरी आली. प्रतिक्रमणात चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली, फोन करकरून नातेवाइकांना मिच्छा मि दुक्कडं म्हटलं. शेजारी बसून पापड लाटणारी राहून गेली.

आमच्या जवळच हमरापूर-जोहे भागात घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. पेणच्या मूर्ती म्हणून त्या देशभर जातात. कारखान्याच्या पाटीवर मालकाचं नाव असतं, पण कोणी माती मळली, कोणी रंग दिला, कोणी डोळे आखले, ती नावं मूर्तीबरोबर जात नाहीत. एवढ्या वर्षांत मी त्याचा विचार केला नव्हता, तर माझ्या घरच्या पापडांचा कुठून करणार?

या वर्षी पापडांना बसलो तेव्हा नात होती. तिच्यासमोरच मी मावशीला मागच्या वर्षीचं सांगितलं आणि माफी मागितली. मावशी लाजली. म्हणाली, त्यात काय एवढं, पापड झाले ना चांगले, झालं. तिने करणारीच वाक्यातून काढून टाकली. नात लगेच म्हणाली, "आजी, 'झाले' पण पापडांच्याच मागे गेलं!" नणंदेला फोन करून तेही सांगून टाकलं. ती हसली, पण ऐकून घेतलं.

पर्युषण जवळ येत आहेत. पारण्याची तयारी सुरू झाली असेल. या वेळी कोणी 'कोणी केलं?' विचारलं, तर कोणाच्या हातचं आहे ते सांगायचं, एवढं मी ठरवलं आहे.

लेखाच्या शेवटी आपण नेहमी लिहितो, 'जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर'. आज तसं लिहवत नाही. मी जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं असेल, व्याकरणात काही चुकले असेन, तर मिच्छा मि दुक्कडं.

जय जिनेंद्र.