डाग देण्यापासून सुईपर्यंत

गावाकडे ‘डाग देणे’ हा शब्द अजून ऐकू येतो. तापवलेलं लोखंड दुखऱ्या जागी टेकवायचं. स्तनाच्या कर्करोगावरच्या सर्वांत जुन्या उपचारांत डाग आहे, आणि आज त्याच कुळातला एक उपचार सुईच्या टोकावर आला आहे. या सगळ्या प्रवासात एक प्रश्न मात्र सुटलेला नाही: रोग पूर्ण जळाला, हे कशावरून?

इजिप्तपासून सुरुवात करू. इ.स.पू. १६०० च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये छातीवरच्या गाठींची वर्णनं आहेत. काहींना डागायला सांगितलंय. पण थंड, टणक गाठींपाशी तो वैद्य थांबतो आणि उपचार नाही असं नोंदवतो. पुढे रोमन काळात अलेक्झांड्रियाचा लिओनिडीस आधी छेद घ्यायचा, मग डागायचा. पुन्हा छेद, पुन्हा डाग. रक्त थांबावं म्हणून हे. शेवटचा डाग मात्र उरलासुरला रोग जाळण्यासाठी. आणि हे सगळं भूल न देता, बरं का!

एकोणिसाव्या शतकात भूल आली आणि उत्तर बदललं. बाल्टिमोरच्या हॉलस्टेडने १८९४ मध्ये आपली पद्धत मांडली: स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. रोग मागे राहू नये म्हणून जास्त कापायचं. कित्येक दशकं बायकांनी ही किंमत मोजली. मग १९८१ मध्ये मिलानला व्हेरोनेसी आणि १९८५ मध्ये अमेरिकेत फिशर यांच्या चाचण्यांनी दाखवलं, की लहान गाठींत स्तन राखून किरणोपचार दिले तरी जगण्याचं प्रमाण तेवढंच राहतं.

कमी कापून चालतं, तर न कापता? १९९९ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांवर रेडिओफ्रिक्वेन्सीचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला. सोनोग्राफीत बघत गाठीत सुई घालायची, उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडायचा. पेशींतले आयन थरथरतात आणि आतूनच उष्णता तयार होते. साठ अंशांच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात.

पण बघा, त्यांनी पुढे काय केलं. जाळलेली गाठ लगेच कापून काढली आणि तपासली! त्यातही गंमत अशी, की नुकतीच जळालेली पेशी नेहमीच्या रंगात जिवंतच वाटू शकते. म्हणून पेशीतलं विकर चालू आहे का, हे दाखवणारा वेगळा रंग वापरला. चौघींत जिवंत पेशी सापडल्या नाहीत. पाचवीत एक सूक्ष्म ठिपका सापडला.

तो ठिपका हाच आजच्या व्याख्यानाचा मुद्दा. कापलेल्या गाठीच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. जाळलेली गाठ आतच राहते. म्हणूनच २०२३ मध्ये जपानने हा उपचार विम्यात घेतला, तोही दीड सेंटीमीटरपर्यंतच्या गाठींपुरता. सुई बारीक झाली म्हणून पुराव्याची गरज कमी झालेली नाही. नंतरच्या तपासण्या चुकवून चालत नाहीत. लिओनिडीसने शेवटचा डाग अंदाजाने दिला होता. आपल्याला तशी सवलत नाही.