खेळता न येणारे मध्ययुग

व्हिडिओ गेमच्या अनेक प्रकारांपैकी ज्यास भूमिकाखेळ म्हणता येईल असा एक प्रकार गेल्या पाच दशकांत जगभर रुजला आहे. त्यात खेळणारा एखादे पात्र पत्करतो, त्याच्या वतीने निर्णय घेतो आणि त्या निर्णयांची फळे भोगतो. या खेळांचे स्थलकाल ढोबळमानाने दोन आहेत. एकात गड, तलवारी, चेटूक आणि अग्निमुखी सर्प यांचे काल्पनिक मध्ययुग असते; दुसऱ्यात अंतराळयाने, यंत्रमानव आणि उद्ध्वस्त झालेली भावी शहरे असतात. या दोहोंत सरस कोणते, हा वाद खेळणारे हौसेने घालतात. साहित्याच्या अभ्यासकाला तो आवडीनिवडीचा प्रश्न वाटून सोडून द्यावासा वाटण्याचा संभव आहे. परंतु हाच वाद चाकणला नेऊन पाहिला, तर त्याचे स्वरूप पालटते. चाकणमध्ये संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने तो शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे ५६ दिवस लढवला, आणि सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच तो पडला. त्याच्या आसपासच्या कारखान्यांत आज मोटारींचे सांगाडे यंत्रहस्त जोडतात. तेथील तट हा इतिहास आहे आणि यंत्रमानव ही पाळीची नोकरी आहे. इतरत्र ज्या दोन गोष्टींतून अद्भुत निर्माण होते, त्या दोन्ही येथे वास्तवाच्या खात्यावर जमा आहेत. मग येथल्या कल्पनेने अद्भुत कोठे शोधावे?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी प्रथम काल्पनिक मध्ययुगाची वंशावळ पाहिली पाहिजे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. संगणकावरील भूमिकाखेळांचे मूळ तेथे आहे. गायगॅक्स राहत होता ते अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा हे गाव. त्या भूमीवर सरंजामदारांचा एकही गढीकोट कधी नव्हता. म्हणजे हे मध्ययुग उसने होते: काही टॉल्किनच्या ग्रंथांतून, काही स्वस्त नियतकालिकांतील साहसकथांतून आणलेले. ज्याचा वारसा सांगायला दारात कोणी उभा नाही, अशा काळाशी मनसोक्त खेळता येते. विज्ञानकथेचा स्थलकालही लगोलग आला. अंतराळप्रवासाचा 'ट्रॅव्हलर' १९७७ चा आहे. संगणकावरच्या पहिल्या पिढीने तर दोहोंतील सीमा फारशी मानलीच नाही. १९८१ च्या 'अल्टिमा'त तलवार घेऊन निघालेला वीर पुढे अंतराळयानात बसतो, आणि १९८६ च्या 'माइट अँड मॅजिक'मधले जादूचे जग शेवटी एका यंत्रनिर्मित सृष्टीचा भाग असल्याचे उघड होते. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर अद्भुताचा स्थायीभाव विस्मय; तो मंत्राने जागृत झाला की यंत्राने, याची रसाला फिकीर नसते. फिकीर करावी लागते ती डार्को सुविनसारख्या मीमांसकाला. १९७९ च्या आपल्या ग्रंथात त्याने विज्ञानकथेतील परात्मता ज्ञानाधिष्ठित ठरवली आणि चेटकाच्या कथेला त्या पंक्तीतून उठवले. हा भेद तर्काला पटतो. खेळणाऱ्याच्या अनुभवात मात्र तो फार टिकत नाही.

जपानचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने आणि १९८७ च्या 'फायनल फँटसी'ने भूमिकाखेळ जपानमध्ये घरोघर नेला, पण त्यांतले आरंभीचे मध्ययुग युरोपीय वळणाचे होते. जपानपाशी स्वतःचे सामुराईंचे युग असताना हे का घडावे? ते युग 'कोई' कंपनीच्या 'नोबुनागाज अँबिशन' (१९८३) या खेळात आले होते. पण तेथे प्रांत, धान्य, सैन्य यांचा हिशेब होता, चेटूक नव्हते. दुसऱ्यांचे मध्ययुग अद्भुत आणि आपले मध्ययुग इतिहास, अशी ही विभागणी दिसते. ती अभेद्य नाही, हेही तितकेच खरे. २००१ च्या 'ओनिमुशा'ने प्रत्यक्ष नोबुनागालाच राक्षसांच्या बळावर पुन्हा जिवंत केले, आणि जपानी समाजाने ते खेळ म्हणून स्वीकारले. एवढी मोकळीक आपल्या ऐतिहासिक पुरुषांच्या बाबतीत मराठी समाज स्वतःला देईल काय, हे सांगण्यासाठी भविष्यवेत्त्याची गरज नाही.

येथे मराठी कादंबरीच्या आरंभकाळाकडे वळणे अपरिहार्य ठरते. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कृतींच्या नावाने दाखवल्या, हे सर्वपरिचित आहे. पहिली वास्तवाची, दुसरी अद्भुतरम्य, तिसरी ऐतिहासिक. आजच्या भूमिकाखेळाला या परिभाषेत कोठे बसवावे, असा प्रश्न केला तर उत्तर चमत्कारिक येते: तो 'मोचनगडा'च्या वेषातली 'मुक्तामाला' आहे. गड, किल्लेदार, भुयारे, फितुरी ही सामग्री तिसऱ्या प्रवृत्तीची. वियोग-संकट-पुनर्मीलनाची चाल आणि विस्मयाची ओढ मात्र दुसरीची. आणि या दोन प्रवृत्ती मराठीत सुरुवातीला एवढ्या दूर नव्हत्याच. गुंजीकरांचा मोचनगड काय किंवा हरिभाऊंच्या 'उषःकाला'तला सुलतानगड काय, नकाशावर शोधून सापडायचे नाहीत. काळ शिवकाल, पण गड कल्पनेतला. कल्पनेला पाय टेकायला जागा राहावी म्हणून केलेली ही तजवीज होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नायकाची. 'उषःकाला'तला मध्यवर्ती तरुण किल्लेदाराचा मुलगा नानासाहेब आहे. शिवाजी महाराज कथेत येतात, पण वाचक ज्याच्या खांद्यावर बसून तो काळ पाहतो तो नानासाहेब. बापाची निष्ठा विजापूरच्या चाकरीशी, मुलाची ओढ स्वराज्याकडे. या पेचातली निवड कथेला पुढे नेते. गेऑर्ग लुकाचने १९३७ मध्ये वॉल्टर स्कॉटच्या संदर्भात मांडलेला मध्यम नायकाचा सिद्धान्त येथे नेमका लागू पडतो. थोर पुरुष कथेच्या कडेला राहतो, आणि दोन्ही पक्षांत ज्याचे पाय अडकले आहेत असा सामान्य मनुष्य मध्यभागी येतो; त्यामुळे इतिहास निवडीच्या रूपात दिसू लागतो. भूमिकाखेळाची तर ही पूर्वअटच आहे. ज्याने काय केले हे आधीच ठरलेले आहे, आणि त्याहून वेगळे काही करणे हा अपराध ठरेल, अशा पात्राच्या जागी खेळणाऱ्याला बसवता येत नाही. बसवलेच तर तो खेळत नाही, आज्ञा पाळतो.

पुढच्या मराठी लेखनाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. १९१३ मध्ये 'वीरधवल' लिहिणाऱ्या नाथमाधवांना मध्ययुग अजून मोकळे होते. कोणत्याही बखरीला बांधील नसलेले राज्य, राजपुत्र आणि कारस्थाने त्यांनी उभी केली आणि वाचकांच्या पिढ्या त्यात रमल्या. त्याच नाथमाधवांनी पुढे स्वराज्याच्या इतिहासावर कादंबऱ्यांची मालिका लिहिली. एका लेखकाच्या हयातीत अद्भुतातून इतिहासाकडे झालेली ही वाटचाल पुढे साऱ्या परंपरेचीच झाली. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'पर्यंत (१९६८) आपण येतो तेव्हा महापुरुष कडेचा राहिलेला नाही. तो केंद्र आहे, आणि वाचकाचे नाते निवडीचे न राहता भक्तीचे झाले आहे. त्या कादंबरीची योग्यता हा येथे विषय नाही. परिणाम एवढाच की 'वीरधवल'चे मध्ययुग बालवाङ्मयाच्या आणि रहस्यकथांच्या दालनात ढकलले गेले, आणि प्रौढ साहित्यात मध्ययुग म्हणजे प्रमाणित इतिहास असे समीकरण रूढ झाले.

अद्भुताने मग दुसरे घर शोधले. 'केरळकोकिळा'त १९०० मध्ये ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप येऊ लागले तेव्हापासून ही वाट दिसते. पण ती रुळली १९७४ नंतर, मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने जयंत नारळीकरांनी पाठवलेल्या 'कृष्णविवर' कथेला पहिले पारितोषिक मिळाले त्यानंतर. विज्ञानकथेचे समर्थन बहुधा विज्ञानप्रसाराच्या अंगाने झाले आणि समीक्षकांनीही तिला त्याच मापाने मोजले. तिने मराठी कल्पनेसाठी केलेले एक वेगळे काम त्यामुळे नजरेआड झाले. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत नारळीकरांनी पानिपतच्या लढाईत मराठे जिंकले असते तर, हा प्रश्न उभा केला. विश्वासरावांना चाटून गेलेल्या एका गोळीवर साऱ्या इतिहासाचा फाटा फुटतो. ऐतिहासिक कादंबरीकाराला हे करता आले नसते. वैज्ञानिकाला करता आले, कारण समांतर विश्वांची आणि पुंजभौतिकीची ढाल त्याच्या हाती होती. आणि फाटा पाहायला जातो तो सेनापती नव्हे, एक प्राध्यापक. मध्यम नायक मराठीत परतला, पण विज्ञानकथेच्या दाराने!

तोच प्रश्न पुढे परदेशी खेळाने सहज टाकला. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेम्ब्लीने २००९ मध्ये काढलेल्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठा राज्य हा खेळता येणारा पक्ष आहे. खेळ सुरू होतो १७०० मध्ये, आणि खेळणाऱ्याच्या हातून पानिपत घडेलच असे नाही. पण हा डावपेचांचा खेळ. त्यात खेळणारा राज्य होतो, माणूस होत नाही. कोणाशी इमान राखावे हा प्रश्न त्याला पडत नाही.

माणूस होण्याची संधी देणारे खेळ पुण्यातच तयार झाले. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' (२०२०) आणि सुपरगेमिंगचा 'इंडस' (२०२४) यांची नावे येथे घेतली पाहिजेत. काटेकोर अर्थाने दोन्ही भूमिकाखेळ नाहीत. पहिला साहसाचा, दुसरा अनेकांनी एकाच रणभूमीवर उतरून शेवटपर्यंत टिकण्याचा. स्थलकालाच्या निवडीसाठी मात्र ते मोलाचे पुरावे आहेत. 'राजी'साठी २०१७ मध्ये लोकवर्गणी मागण्यात आली होती, ती पुरेशी जमली नाही. तरी खेळ पूर्ण झाला. त्यातली नायिका डोंबाऱ्याच्या खेळातली कसरतपटू मुलगी, आणि ती असुरांनी पळवलेल्या भावाच्या शोधात निघते. वास्तू राजस्थानी, चित्रशैली पहाडी, मधली कथा छायाबाहुल्यांतून, आणि कथनाला दुर्गा व विष्णू. 'इंडस'ने सिंधुसंस्कृतीचे नाव घेऊन भारतीय वळणाचे भविष्य उभे केले. एकाने पुराणाकडे धाव घेतली, दुसऱ्याने भविष्याकडे. पुण्यात बसून काम करणाऱ्या या दोन्ही गटांना ज्या युगाचे अवशेष पावलोपावली भेटतात, ते सतरावे शतक दोघांनीही ओलांडले. यात त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. बाजारपेठ अखिल भारतीय आणि जागतिक, हेही कारण आहेच. तरीही पुराणातील असुराशी मुक्तपणे खेळता येते आणि बखरीतील किल्लेदाराशी येत नाही, ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन संस्कृतीविषयी काही सांगते.

नाही म्हणायला मध्ययुगाशी मोकळेपणाने खेळण्याची एक प्रथा या पट्ट्यात जिवंत आहे, आणि ती व्हिडिओ गेमपेक्षा कितीतरी जुनी. दिवाळीत पिंपरी-चिंचवडच्या चाळींपुढे, गृहसंकुलांच्या आवारात मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात, सिंहासनावर महाराजांची मूर्ती आणि बुरुजांवर मावळे मांडतात. आणि पायथ्याशी, कोणालाही न विचारता, प्लॅस्टिकची मोटार, रणगाडा, हेलिकॉप्टर ठेवून देतात. 'अल्टिमा'च्या कर्त्याने केले तेच. ज्या नगरीची ओळख १९५४ च्या पेनिसिलिनच्या कारखान्यापासून पुढे मोटारींच्या कारखान्यांपर्यंत घडत गेली, तेथील मुलाला किल्ला आणि मोटार एकाच अंगणात दिसावीत यात अस्वाभाविक काही नाही. किल्ले-स्पर्धांचे परीक्षक मात्र प्रतिकृतीचा अचूकपणा पाहतात. राजगड राजगडासारखा, प्रतापगड प्रतापगडासारखा हवा. भूगोल शिकवण्याच्या दृष्टीने ते योग्यच. हेलिकॉप्टर त्या शिस्तीत बसत नाही, आणि हळूहळू मोचनगडही बसेनासा होतो.

झेक देशातील 'किंगडम कम: डिलिव्हरन्स' (२०१८) या खेळाने हा पेच आपल्या परीने सोडवला आहे. काळ १४०३, भूमी बोहेमियाची, चेटूक अजिबात नाही. इतिहासाशी प्रामाणिकपणाची प्रतिज्ञा. पण नायक हेन्री नावाचा लोहाराघरचा मुलगा. राजे आणि सरदार त्याच्या अवतीभोवती आहेत, त्यांचे भवितव्य इतिहासाने ठरवलेले आहे. हेन्रीने कोठे खोटे बोलावे, कोणाला सोडावे, कोणाशी इमान राखावे हे खेळणाऱ्याने ठरवायचे. हरिभाऊंना ही रचना मुळीच परकी वाटली नसती.

चाकणच्या वेढ्याला ती लावून पाहता येते. परंपरा सांगते की किल्ला पडल्यावर खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली आणि त्याने ती नाकारली. फिरंगोजीची निवड झालेली आहे. ती कोणाच्या हाती देता येणार नाही, देऊही नये. पण ज्यांचे नाव कोणत्याच बखरीत नाही असे लोकही त्या पावसाळ्यात तेथे होते. आत धान्य मोजणारा होता, तटाची डागडुजी करणारा गवंडी होता. बाहेर खानाच्या छावणीत रोजावर भुयार खणणारा होता, आणि तोही कदाचित जवळपासच्या गावचाच असेल. त्याला भुयाराच्या तोंडाशी उभे करून त्याच्या हाती कुदळ द्यायची आणि पुढचे खेळणाऱ्यावर सोडायचे, एवढे साहस करणारा मराठी लेखक किंवा खेळकर्ता निघाला, तर त्याला आधी ठरवावे लागेल ते हे की खणणारा थांबला नाही तरी त्याची गोष्ट पुढे सांगायची की नाही.