स्टॅकाधारित आभासी यंत्रांतील तुलना-आज्ञा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
दोन मूल्यांची तुलना करून पुढील मार्ग ठरविणे ही संगणकीय आज्ञावलीची मूलभूत गरज आहे. स्टॅकाधारित आभासी यंत्रात सर्वांत वरची दोन मूल्ये काढून घेऊन त्यांची तुलना केली जाते. तिचे उत्तर कोणत्या रूपात ठेवावे, याविषयी मात्र रचनाकारांनी वेगवेगळे निर्णय घेतले. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे.

पी-कोड व फोर्थ :
१९७० च्या दशकात झुरिच येथील ईटीएच संस्थेत निकलाउस विर्थ यांच्या मार्गदर्शनाखाली पास्कल-पी संकलक तयार झाला. या कार्यात सहभागी असलेले के. व्ही. नोरी पुढे पुण्यातील टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात कार्यरत होते. पी-कोडमध्ये तुलनेचे उत्तर 'सत्य' वा 'असत्य' असे स्टॅकवर ठेवले जाई. असत्य असल्यास उडी घेणारी आज्ञा स्वतंत्र असे. फोर्थच्या १९७९ च्या मानकात 'सत्य' म्हणजे १ होते; १९८३ च्या मानकात ते -१, म्हणजे सर्व बिट १ असलेले मूल्य ठरले. त्यामुळे तेच उत्तर बिटनिहाय क्रियांत थेट वापरता येऊ लागले.

जावाचे आभासी यंत्र :
सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली. तिच्या यंत्रात आज्ञेचा संकेतांक एका बाइटचा असल्याने २५६ संकेतांकांची मर्यादा होती. त्यामुळे काटकसर अपरिहार्य ठरली. ३२ बिटांच्या पूर्णांकांसाठी तुलना व उडी एकत्र साधणाऱ्या सहा आज्ञा दिल्या गेल्या. ६४ बिटांचे पूर्णांक व फ्लोटिंग पॉइंट संख्या यांच्यासाठी मात्र आधी -१, ० वा १ हे उत्तर स्टॅकवर ठेवायचे व नंतर ते शून्याशी ताडून उडी घ्यायची, अशी द्विस्तरीय पद्धत स्वीकारली गेली.

येथे एक पेच होता. १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानुसार 'नॅन', म्हणजे संख्या नसलेले मूल्य, कोणत्याही संख्येहून लहान, मोठे वा तिच्याइतके नसते. तीनच उत्तरांत हे चौथे कसे बसवावे? यासाठी एफसीएमपीएल व एफसीएमपीजी अशा जोड-आज्ञा योजल्या गेल्या. नॅन आढळल्यास पहिली -१ देते, तर दुसरी १. 'लहान आहे का?' या प्रश्नासाठी संकलक दुसरी आज्ञा निवडतो व 'मोठे आहे का?' यासाठी पहिली. परिणामी दोन्ही वेळा उत्तर 'नाही' असेच येते. एकच आज्ञा असती, तर यांपैकी एका प्रश्नाला चुकीचे 'होय' मिळाले असते आणि ती चूक कोणतीही सूचना न देता पुढे गेली असती.

निष्कर्ष :
तुलना-आज्ञांचा इतिहास हा केवळ सोयीचा इतिहास नाही. संकेतांकांची काटकसर आणि गणिती अचूकता यांचा मेळ घालण्याची जबाबदारी येथे संकलकावर सोपविली गेली. संगणकशास्त्राच्या अध्यापनात हा भाग आज्ञांच्या यादीपुरता न ठेवता त्यामागील कारणांसह मांडणे उचित ठरेल.